समुद्राचं धोरण कुणाच्या पोरांनी लिहायचं?

सागरी धोरणावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना सरकारने फेलोशिप द्यावी, असं म्हटलं की आमच्या छत्रपती संभाजीनगरात लोक हसतात. ‘इथे नळाला रोज पाणी नाही, तुम्ही समुद्र काय घेऊन बसलात?’ त्यांना मी मलिक अंबरची आठवण देतो. १६१० मध्ये हे शहर, तेव्हाची खडकी, वसवणारा हा हबशी गुलाम म्हणून समुद्रापलीकडूनच आला होता.

थट्टा बाजूला ठेवू. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. पर्ससीन मासेमारीवर २०१६ मध्ये निर्बंध आले, २०२१ मध्ये सागरी मासेमारीचा कायदा बदलला. या निर्णयांवर ज्यांची चूल अवलंबून आहे, ते पालघरचे कोळी, सिंधुदुर्गातले गाबीत आणि रत्नागिरीचे दालदी मुसलमान मंत्रालयात दिसतात ते निवेदन घेऊन. मसुदा लिहिणाऱ्या टेबलावर त्यांची शिकलेली पोरं का नसावीत?

अमेरिकेत १९७९ पासून ‘नॉस फेलोशिप’ आहे. समुद्र आणि किनाऱ्याच्या प्रश्नांत रस असलेले पदव्युत्तर विद्यार्थी वर्षभर मानधनावर वॉशिंग्टनमध्ये, संसद सदस्यांच्या किंवा सरकारी कार्यालयांत काम करतात. आपल्याकडेही हे अशक्य नाही. मुख्यमंत्री फेलोशिपमधून तरुण पदवीधर प्रशासनात काम करतातच. मग मत्स्यव्यवसाय खात्यासाठी अशी खास योजना का नको?

आपल्याकडे मात्र होतं तेही गेलं. सच्चर अहवालानंतर, २००९ मध्ये अल्पसंख्याक संशोधकांसाठी मौलाना आझाद फेलोशिप सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत ती बंद केल्याचं सांगितलं. कारण काय, तर इतर योजनांशी ती ‘ओव्हरलॅप’ होते! एका विद्यार्थ्याने दोन फेलोशिप घेऊ नयेत, हे मान्य. पण ते कागद तपासून रोखता येतं. त्यासाठी योजनाच बुडवायची? इतर योजनांच्या निकषांत न बसणाऱ्या गरीब मुस्लिम मुलीने पीएच.डी. कशाच्या भरवशावर करायची?

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ला मंजुरी दिली. माझी मागणी साधी आहे. मार्टी आणि महाज्योतीने मिळून सागरी धोरणाची फेलोशिप काढावी. कोळी, गाबीत, दालदी मुलांनी एकत्र अभ्यास करावा आणि त्यातलं एक वर्ष मत्स्यव्यवसाय खात्यात काढावं.

आता थोडं आपल्या घरातलं. आपले पुढारी शादीखाना मागतात, कब्रस्तानची भिंत मागतात आणि मिळाली की सत्कार घेतात. मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली तेव्हा आवाज उठवला तो प्रामुख्याने विद्यार्थ्यांनी. भिंतीसाठी मोर्चा निघतो, तर संशोधनासाठी का निघू नये?