पाठशुद्धी हीसुद्धा भक्तीच

ईस्टर आणि पंडिता रमाबाईंचा ५ एप्रिलचा स्मृतिदिन बहुतेक वर्षी आगेमागेच येतात. त्या सुमारास एक जुना प्रश्नही हमखास वर येतो: बायबलमधला मजकूर इतिहास म्हणून कितपत विश्वसनीय? धारवाड-बेळगाव पट्ट्यातल्या अळणावरच्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. एका अंगाच्या धारवाडात बासेल मिशन १८३७ मध्ये आले. दुसऱ्या अंगाच्या बेळगावात १८३१ मध्ये बाबा पदमनजी जन्मले. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. मुंबईत १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांनी जाहीर वादविवाद केला, तर १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भिडले. हे दोन्ही वाद चारचौघांत, प्रश्नाला उत्तर देत झाले.

आज मात्र वाद लवकर हमरीतुमरीवर येतो, कारण दोन प्रश्नांची सरमिसळ होते. मूळ लेखन आपल्यापर्यंत नीट पोचले का, हा एक प्रश्न. लिहिले तसे घडले का, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर बरेच भक्कम आहे. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात तळहातावर मावेल एवढा पपायरसचा एक तुकडा आहे. इजिप्तमध्ये मिळालेला हा तुकडा १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना योहानाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाच्या तुटक ओळी आहेत. प्रसंग रोमन सुभेदार पिलाताने केलेल्या येशूच्या चौकशीचा. बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात. नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. त्यांत पाठभेद भरपूर आहेत आणि काही मोठेही आहेत. मार्काच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची कथाही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. हे शोधून काढण्यात अनेक श्रद्धावंत ख्रिस्ती पंडितच पुढे होते.

आपल्याला यात नवल वाटायला नको. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. त्यामुळे ना माउलींचा मान उणावला, ना व्यासांचा. पाठशुद्धी हीसुद्धा भक्तीच असते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पिलाताचे नाव कोरलेला शिलालेख १९६१ मध्ये कैसरियात सापडला. पिलाताच्या हुकमावरून ख्रिस्ताला देहदंड झाल्याची नोंद ख्रिस्ती धर्माविषयी तिटकारा असलेल्या टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही केली आहे. उलट, लूकच्या शुभवर्तमानाने येशूच्या जन्माशी जोडलेली, रोमन सुभेदार क्विरिनियसच्या वेळची शिरगणती इ. स. ६ च्या सुमाराची, आणि ज्याच्या काळात हा जन्म झाल्याचे सांगितले जाते तो हेरोद राजा मात्र त्याच्या कितीतरी आधी, बहुतेकांच्या मते इ. स. पूर्व ४ मध्ये, वारलेला. हा मेळ सहजासहजी बसत नाही, हे मान्य करावे. पुनरुत्थानाबाबत इतिहास इतके सांगू शकतो की, येशू उठला अशी शिष्यांची दृढ धारणा अगदी आरंभापासून होती. प्रेषित पौलाने वधस्तंभाच्या घटनेनंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलेल्या पत्रात ती आहे. त्यापुढची वाट श्रद्धेची.

रमाबाईंनी ही वाट डोळे उघडे ठेवून धरली. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही सिद्धांतांवरून त्या तिथल्या धर्मगुरूंशी वाद घालत राहिल्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मुळावरून मराठी बायबल सिद्ध केले. १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला. त्यांची श्रद्धा कष्टाला आणि पडताळणीला भ्याली नाही.

म्हणून आमचे म्हणणे दोघांनाही आहे. ख्रिस्ती बांधवांनी पाठभेदांची आणि न जुळणाऱ्या तपशिलांची चर्चा हा धर्मावरचा हल्ला समजू नये. इतरांनी जो गज बायबलला लावायचा, तोच आपल्या पोथीलाही लावावा. दुसऱ्याचा ग्रंथ न वाचता त्याला खोटा ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. धारवाड-बेळगावच्या या पट्ट्यात मराठी आणि कन्नड, देऊळ आणि चर्च पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत. या शेजाराला शोभेल असा वाद घालायचा, तर आधी ग्रंथ उघडून वाचायला हवा.