राखणदार कोणाचे?

‘गृहयुद्ध’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. टीव्हीवरचा वक्ता तो धमकी म्हणून वापरतो, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निवृत्त काका भविष्यवाणी म्हणून पुढे ढकलतो आणि आपल्या मोहल्ल्यातली पोरं तोच शब्द भीतीने उच्चारतात. ‘भाई, एक दिवस हे होणारच आहे, मग आपण तयारी का ठेवायची नाही?’ हा प्रश्न मी शहाद्यात ऐकला आहे, अक्कलकुव्यात ऐकला आहे आणि पुण्यातल्या आयटी कंपन्यांत चांगल्या पगारावर असलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांच्या तोंडूनही ऐकला आहे. ‘असं बोलू नये’ म्हणून त्यांना गप्प करणे हे उत्तर नव्हे. प्रश्न खरा आहे, तेव्हा उत्तरही सरळ द्यायला हवे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एखादी यंत्रणा कोसळली की पडद्यावर दिसणाऱ्या शेवटच्या चुकीवर कोणी विश्वास ठेवत नाही. आधीच्या दोन-चार दिवसांच्या नोंदी काढल्या जातात, कारण बिघाड तिथे सुरू झालेला असतो. गृहयुद्धाचेही तसेच आहे. पहिली गोळी ही शेवटची ओळ असते. माझ्या वाचनातून आणि आपल्याच मुलखाच्या इतिहासातून मला जी आधीची ओळ पुन्हा पुन्हा दिसते, ती अशी: राखण करणारा माणूस सगळ्यांचा उरत नाही, तो कोणाचा तरी होतो.

आपला सातपुडाच घ्या. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. भिल्लांना बंदुकीने काबूत आणणे जमत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनाच राखणदार करण्याचे धोरण आले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, घाटांची राखण नाईकांकडे दिली. खाज्या नाईक हा असाच सेंधव्याच्या घाटाचा, म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याचा राखणदार. एका संशयिताच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली, आणि १८५७ ची धामधूम सुरू होताच इंग्रजांनी त्यालाच पुन्हा त्याच घाटावर नेमले. काही महिन्यांतच तो फिरला. इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. तिकडे नगर-नाशिकच्या बाजूला बंड उभारणारा भागोजी नाईकही आधी पोलिसात होता. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याला त्याच्या माणसांनी पोलीस अधिकारी हेन्रीला ठार केले.

बंडाची पहिली माणसे कुठून आली ते पाहा. ती रस्ता, घाट आणि हत्यार तिन्ही ओळखणारी माणसे होती, आणि ही ओळख त्यांना सरकारनेच करून दिली होती. अपमान जुना होता, भूक जुनी होती. फौज मात्र काही आठवड्यांत उभी राहिली, कारण तिचा सांगाडा तयार होता.

११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या लढाईत भिल्लांच्या खांद्याला खांदा लावून अरब आणि मकराणी लढले. आपल्या व्यासपीठांवर या एकजुटीचा उल्लेख अभिमानाने होतो आणि तो व्हायलाही हवा. पण त्याच संध्याकाळचे उरलेले पानही वाचायला हवे. पकडलेल्या अनेकांना तिथल्या तिथे चौकशीचा देखावा करून गोळ्या घातल्या. बायकांना कैद झाली. परकी सत्तेविरुद्धचे ते बंड न्याय्य होते याबद्दल मला शंका नाही. तरीही किंमत कोणी मोजली? ज्यांनी बंड करायचे की नाही हे कधी ठरवलेच नव्हते, अशा पाड्यांनीसुद्धा.

आता शंभर वर्षे पुढे येऊ, शहाद्याला. १९७० च्या आसपास इथे कर्जापायी जमीन गमावलेला भिल्ल स्वतःच्याच जुन्या शेतात सालदार म्हणून राबत होता. बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या, हत्यारबंद राखणदार नेमले. हे राखणदार दंड वसूल करत, मारहाण करत. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यावरून गोळीबार झाला आणि एक आदिवासी मारला गेला. धनिकांची स्वतंत्र खासगी सेना उभारण्याचीही भाषा झाली. एका बाजूला हत्यारे आणि पैसा, दुसऱ्या बाजूला संख्या आणि संताप. गृहयुद्धाच्या आरंभाला लागते ते सगळे शहाद्यात जमले होते.

पण युद्ध झाले नाही. का?

अंबरसिंग महाराजांनी त्या संतापाला धनुष्यबाणाची वाट दिली नाही म्हणून. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. सातबारा काढा, गहाण गेलेल्या जमिनीची यादी करा, सालदाराच्या मजुरीचा हिशोब मांडा, तहसीलदारापुढे हजारोंनी बसा, असे ते काम होते. बायकांनी दारूची मडकी फोडली. आयआयटी मुंबईतून इंजिनिअर झालेले कुमार शिराळकर इथे येऊन राहिले, मार खाल्ला, गेले नाहीत. पुढे १९७४ मध्ये अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने केला. सगळ्यांना जमीन मिळाली असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांच्याविरुद्ध बंदूक होती त्यांनी बंदूक उचलली नाही आणि तरी ते नमले नाहीत. इतक्या कठीण गोष्टीला आपण इतिहासात अर्धे पानही देत नाही.

उलट वाटेने गेलेली ठिकाणेही फार लांब नाहीत. छत्तीसगडमध्ये २००५ पासून ‘सलवा जुडूम’च्या नावाखाली आदिवासी पोरांच्याच हातात सरकारने बंदुका दिल्या. भावाविरुद्ध भाऊ उभा राहिला, गावेच्या गावे ओस पडली आणि शेवटी ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की हे घटनेत बसत नाही. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ नंतर पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो हत्यारे लुटली गेली, प्रत्येक गावाचे ‘ग्रामरक्षक’ आपापल्या जमातीचे झाले, अडीचशेहून जास्त माणसे मेली आणि दोन समाजांमध्ये रिकामा पट्टा आखावा लागला. सुदानमध्ये सरकारने दारफुरसाठी वापरलेल्या जंजावीद टोळ्यांतूनच निमलष्करी दल उभे राहिले, आणि १५ एप्रिल २०२३ ला त्याच दलाची सैन्याशी खार्टूममध्ये लढाई जुंपली. दोन्हीकडे कलमा पढणारेच होते. धर्म एक असला म्हणजे घर वाचते, हा भ्रमही तिथे संपला.

इथे कोणीतरी मला थांबवेल. ‘हे सगळं ठीक आहे, पण पोलीसच आपल्यावर गोळ्या झाडतील तेव्हा?’ धुळे आपल्यापासून दोन तासांवर आहे. ६ जानेवारी २०१३ ला तिथे पोलीस गोळीबारात सहा जण मारले गेले आणि सहाही मुस्लिम होते. हे विसरा असे मी कोणालाही सांगणार नाही. सरकारी राखणदार एका बाजूचा झाला तर काय होते, हे ज्या आईने पाहिले तिला मी गृहयुद्धावर व्याख्यान देऊ शकत नाही.

तरीही ‘हिफाजत’साठी आपली वेगळी पथके काढण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. ते पाप आहे की नाही हा वाद मी घालत नाही, मी हिशोब सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आपण सुमारे साडेअकरा टक्के आहोत, नंदुरबारमध्ये त्याहूनही कमी. आपल्या गल्लीत वीस लाठ्या जमल्या की शेजारच्या गल्लीत दोनशे जमवायला कारण मिळते. पथकाला पैसा लागतो, पैसा देणारा मालक होतो, आणि तो मालक उद्या मोहल्ल्यातल्या मुलीने कुठे जायचे, दुकानदाराने कोणाला माल द्यायचा हेही ठरवू लागतो. पीक राखायला ठेवलेले राखणदार दंड वसूल करू लागले, तसेच.

मग करायचे काय? भिवंडीचे उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. १९८४ च्या दंगलीने पोळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि बीटचा पोलीस, महिन्या-महिन्याला एकत्र. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या कमिटीत नेते कमी होते आणि रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, दुकानदार जास्त होते, हे लक्षात घ्या.

आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात ही मागणी आपण लेखी करावी. सण-मिरवणुकीच्या आधी पंधरा दिवस बसणारी शांतता समिती पुरेशी नाही, ती फोटोपुरती असते. दुसरे, घटना घडली की भाषणाआधी नोंद: तारीख, वेळ, जागा, साक्षीदार, फिर्यादीची प्रत. पोलिसाने फिर्याद घेतली नाही तर तेही लेखी अधीक्षकांकडे. आपल्या शिकलेल्या मुलांनी व्हिडिओ पुढे ढकलण्याऐवजी हे काम उचलावे. तिसरे आणि सर्वांत अवघड: या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. त्यांच्या वनजमिनीच्या दाव्यांवर, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या उचलीवर, कुपोषणावर आपली जमात किती वेळा रस्त्यावर आली? जो आपल्या दुःखात कधी दिसला नाही, त्याच्यासाठी संकटाच्या रात्री कोणी दार का उघडावे? १८५८ ची एकजूट भाषणात सांगून जिवंत राहत नाही, ती तहसील कचेरीच्या पायरीवर सोबत बसून राहते.

आणि हे सगळे फक्त आपल्यालाच लागू नाही. ‘रक्षा’, ‘सेना’, ‘दल’ अशा नावांनी जी पथके रस्त्यावर गाड्या अडवून कागद तपासतात, ती कोणाच्या परवानगीने तपासतात, हा प्रश्न जिल्हा प्रशासनाला विचारण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच राहतो, जेव्हा आपले स्वतःचे पथक नसते. तो हक्क गमावू नका. पुढच्या वेळी कोणी म्हणाले की गृहयुद्ध होणार, तर घाबरूही नका आणि वादही घालू नका. एवढेच विचारा: तुझ्या गल्लीचा राखणदार कोण आहे, आणि त्याचा पगार कोण देतो?