पाकिटातून गेलेले गाणे

मगरिबनंतर बहिणीकडे गेलो की वर्षभर एकच तक्रार ऐकतो. "भाईजान, भाच्याला काही सांगा. कानाला हेडफोन लावून बारा-बारापर्यंत बसतो." भाचा कॉलेजात आहे, गिटार वाजवतो. तो आणि आणखी दोघे मिळून एक रॉक गाणे करत होते. ड्रम वाजवणारा पुण्यात, गाणारा हैदराबादेत. तिघे एका खोलीत एकदाही बसलेले नाहीत. दूल्हाभाईंचा तर गिटार घरात ठेवायलाच विरोध. संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांत मतभेद आहेत आणि त्याचा फैसला करण्याची आमची पात्रता नाही. त्यावरून त्या घरात अबोला होतो, एवढे खरे.

आम्हाला वाटले होते, तिघे फोन लावून एकदम वाजवत असतील. भाचा हसला. "मामू, तसे होतच नाही." इंटरनेटवरून आवाज पोहोचायला जरासा उशीर लागतो. तो सेकंदाचा विसावा भाग असला तरी बोलताना कळत नाही, तालात मात्र लगेच कळतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात 17 मीटर. प्रार्थनेच्या वेळी मैदानातल्या मागच्या रांगा पुढच्यांच्या मागे कशा रेंगाळतात, हे शिक्षकांना सांगायला नको. म्हणून प्रत्येक जण एकटाच वाजवतो. गाण्याची गती आधी ठरते, तो ठोका कानात ऐकत आपला भाग रेकॉर्ड करायचा आणि फाइल पुढच्याला पाठवायची. शेवटी एक जण सगळे भाग एकत्र करून मिक्सिंग करतो. कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता डाव्या कानात, कोणता काढून टाकायचा.

इथे भाचा गप्प झाला. त्याने दोन महिने खपून वाजवलेले गिटार मिक्सिंगमध्ये अर्धे उडाले होते. गाणे इंटरनेटवर चढले तेव्हा त्यावर नाव एकट्या गायकाचे.

ही कल्पना त्याला ज्यांच्यावरून सुचली, ते दोघे अमेरिकेतले. लॉस एंजेलिसचा जिमी टॅम्बोरेलो वाद्यांचे तुकडे तयार करून सिएटलच्या बेन गिबर्डला टपालाने पाठवी. गिबर्ड त्यांत काटछाट करी, शब्द, आवाज, गिटार घाली आणि परत पाठवी. म्हणून बँडचे नावच ठेवले 'द पोस्टल सर्व्हिस'. 2003 मध्ये त्यांचा 'गिव्ह अप' हा अल्बम आला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या टपाल खात्याची नोटीसही आली, हे नाव आमचे आहे म्हणून! पण प्रकरण समझोत्याने मिटले. नाव वापरायची परवानगी मिळाली, बदल्यात बँडने टपालाचा प्रचार करायचा. खात्याने आपल्या वेबसाइटवर तो अल्बम विकला, आणि 2004 मध्ये बँड वॉशिंग्टनला टपाल अधिकाऱ्यांच्या परिषदेत जाऊन वाजवूनही आला. अल्बमच्या पुढे दहा लाखांवर प्रती खपल्या.

"तुमचे काय ठरले होते?" आम्ही विचारले.

"ठरवायचे काय, मामू? दोस्तच तर आहोत."

आमच्यातला मास्तर जागा झाला. कुरआनमधली सर्वांत लांब आयत सूरह बकरात आहे, आणि ती उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याविषयी आहे. गाणे म्हणजे कर्ज नव्हे, कबूल. पण मेहनत दुसऱ्याच्या हाती सोपवली की ती अमानतच झाली ना? आम्ही त्याला सांगितले, गिटार कापले म्हणून रागावू नकोस. टॅम्बोरेलोच्या कामालाही कात्री लागली होती. तुकडा पाठवलास तेव्हा त्यासोबत कात्रीही दिलीस. नाव मात्र तू दिले नव्हतेस. तेवढेच माग, आणि तेही अदबीने.

रात्री त्याने मेसेज लिहिला. पाठवण्याआधी तो आईला वाचून दाखवावा लागला, कारण ती दारातच उभी होती. "म्हणजे वाजवले तू, आणि नाव त्याचे?" ती आमच्याकडे वळून म्हणाली, जणू गाणे आम्हीच चढवले होते.

याला चार दिवस झाले. गिटारचा वाद मिटलेला नाही, दूल्हाभाई अजून बोलत नाहीत. पण संध्याकाळी चहा ठेवता ठेवता बहीणच विचारते, "आला का रे त्याचा जवाब?"