शिडं धरणात, पोरं काठावर

शेततळ्यांच्या पाहणीसाठी मला सतत वाड्यावस्त्यांवर फिरावं लागतं. तळं दिसलं की मी आधी दोन गोष्टी बघतो. भोवती तारेचं कुंपण आहे का आणि आत दोर सोडलाय का. बरेच ठिकाणी दोन्ही नसतं. पाणी मात्र काठोकाठ असतं आणि शेजारीच पोरं चेंडू खेळत असतात.

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि कोरडवाहू भागात शेततळी वाढली. त्यातलं सर्वांत मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. एवढ्या पाण्यात मोठा माणूसही बुडतो. त्यात अस्तराचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. आपण शेतात पाणी आणलं ते चांगलंच झालं, पण पाण्याशी कसं वागायचं हे पोरांना शिकवायचं राहून गेलं.

हे शिक्षण कुठं मिळतं, ते मला अनपेक्षित जागी दिसलं. उपसा सिंचनाच्या कामासाठी एका रविवारी धरणावर गेलो होतो. तिथं एक सेलिंग क्लब आहे. शिडाच्या होड्या म्हणजे पैसेवाल्यांची मौज, अशीच माझी समजूत होती. जरा वेळ थांबून पाहिलं तर शिकवणारे मुलांकडून मुद्दाम होडी उलटवून घेत होते! नऊ-दहा वर्षांची मुलं, अंगात लाईफ जॅकेट, आणि जेमतेम पावणेआठ फुटी ‘ऑप्टिमिस्ट’ होडी. पोरगं पाण्यात पडायचं, होडीच्या तळातून निघालेल्या फळीवर भार देऊन ती सरळ करायचं, वर चढायचं आणि डब्यानं पाणी उपसायचं. होडी उलटली तरी तरंगते, म्हणून ती सोडून काठाकडे पोहत सुटायचं नाही, हा पहिला नियम. मदतीची मोटरबोट जवळ असल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरायचं नाही, हा दुसरा.

मग दोरीच्या गाठी शिकवल्या. वासराच्या गळ्यात आपण न सरकणारी गाठ मारतो ना, तसल्याच. वारा कुठून येतो ते बघायचं आणि वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही म्हणून नागमोडी जायचं, हेही शिकवलं. शेवटी सगळ्यांनी मिळून होड्या उचलल्या, धुतल्या, काठावरचा प्लास्टिकचा कचरा गोळा केला आणि एका पंगतीला बसून वडापाव खाल्ला. साहेबाचा मुलगा असो की डॉक्टरची मुलगी, आपली होडी ज्यानं त्यानं धुवायची. ही शिस्त मला फार आवडली.

एकच गोष्ट खटकली. आमच्या गावची चार-पाच पोरं तिथं होती, पण काठावर. होड्या पाण्यात ढकलायला हात लावायचा आणि चहाला पैसे मिळाले की घरी जायचं. शेजारी उभे असलेले एक आबा म्हणाले, “साहेब, आमची भातखाचरं ह्याच पाण्याखाली हायेत. पण आमचं पोर त्या होडीत कधी बसलं न्हाई.” यावर मला काही बोलता आलं नाही.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या पोराला हे थेर कशाला? त्यांनी नेहा ठाकूर या मुलीकडे बघावं. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची ही मुलगी भोपाळच्या मोठ्या तलावावरच्या सेलिंग शाळेत शिकली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत तिनं रौप्यपदक आणलं. तेव्हा ती १७ वर्षांची होती. आपल्याकडे चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्ही मारायला शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला पोचला. गावच्या पोरांत दम आहे, कमी पडते ती संधी.

पण पदकाचं सोडा. शंभरातलं एखादंच पोर तिथवर जाईल. उरलेली नव्व्याण्णव पाण्यात घाबरणार नाहीत आणि दुसरा बुडताना दिसला तर आंधळी उडी न मारता आधी दोर फेकतील. मला ते पदकापेक्षा मोठं वाटतं.

क्लबवाल्यांची अडचणही मी समजू शकतो. अपघाताची जबाबदारी असते, होड्या महाग असतात. म्हणून पहिलं पाऊल गावानं टाकावं. धरणाकाठच्या सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी ग्रामसभेत ठराव करून क्लबला आणि जलसंपदा विभागाला पत्र द्यावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर मागावं. पालकांची लेखी संमती आणि मुलांची ने-आण ग्रामपंचायतीनं बघावी. आधी पोहणं, मग होडी, हा क्रम ठेवावा. आणि मुलींना वगळू नये. क्लबनंही वर्षाला निदान काही जागा धरणग्रस्तांच्या मुलांसाठी राखाव्यात. होड्या ढकलायला ही पोरं चालतात, तर चालवायला का नकोत?

ज्यांच्याजवळ धरण नाही, क्लब नाही, त्यांनीही थांबू नये. तळ्याला कुंपण घाला. काठावर पक्क्या खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर चारी बाजूंनी आत सोडा. हवा भरलेली जुनी ट्यूब नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून ठेवा. २५ जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्याचा जागतिक दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे नेमकी तेव्हाच तळी भरत असतात. त्या दिवशी ग्रामपंचायतीनं गावातल्या प्रत्येक तळ्यावर जाऊन दोर आणि कुंपण तपासावं. त्याला वेगळा निधी लागत नाही.

मीही आता पाहणीच्या वेळी मोजपट्टीबरोबर दोर घेऊन जातो. ज्या तळ्यात दोर नसेल तिथं मालकाला सोबत घेऊन तो बांधूनच पुढं जातो.