आयपॅडवर नकाशा आहे, मग नंदुरबारवरून उडताना खाली तापी का शोधायची?

बोईंगने २०२५ मध्ये आपला एक धंदा १०.५५ अब्ज डॉलरला विकला. घेणारी कंपनी अमेरिकेतली थोमा ब्रावो. विमानं बनवण्याशी या धंद्याचा संबंध नव्हता. विकलं गेलं ते नकाशे आणि ॲप: जेपसन, फोरफ्लाइट, ऑस्ट्रेलियातलं ओझरनवेज वगैरे. छोटं विमान उडवणारा पायलट मांडीवर आयपॅड ठेवून जे बघत असतो, त्याची ही किंमत.

आता याचा नंदुरबारशी काय संबंध? नंदुरबारला विमानतळ नाही, पण शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरला धावपट्टी आहे आणि तिथे वैमानिक घडवणारी अकादमी आहे. धुळ्यालाही प्रशिक्षणाची विमानं उडतात. शिरपूर ते नंदुरबार हवाई अंतर साधारण ६५ किलोमीटर. शंभर नॉटच्या वेगाने वीस-बावीस मिनिटांचा खेळ. खासगी वैमानिकाचा परवाना, म्हणजे पीपीएल, काढायला वय किमान १७ आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले काही तास एकट्याने, आपल्या धावपट्टीपासून लांब जाऊन करायचे असतात. तिथे नेव्हिगेशन आलं, आणि तिथेच "कुठलं ॲप घेऊ?" हा प्रश्न येतो.

बाजारात तीन नावं मोठी. फोरफ्लाइट २००७ पासून आहे, पण ते फक्त आयफोन-आयपॅडवर चालतं. अँड्रॉइडवाल्यांचा पत्ता इथेच कट. गार्मिन पायलट दोन्हीकडे चालतं, आणि विमानात गार्मिनचीच उपकरणं असतील तर टॅब्लेटवर आखलेला मार्ग थेट त्यात पाठवता येतो. तिसरं ब्रिटनचं स्कायडेमन. तेही दोन्हीकडे चालतं आणि स्वच्छ, सुटसुटीत नकाशासाठी युरोपातल्या हौशी वैमानिकांचं लाडकं आहे. तिन्ही वार्षिक वर्गणीवर मिळतात.

पण अमेरिकेतल्या वैमानिकाचा व्हिडिओ बघून इथे वर्गणी भरली की पहिला धक्का बसतो. तिकडे ही ॲप भारी वाटतात त्याचं निम्मं श्रेय तिथल्या सरकारला आहे. अमेरिकेची एफएए हवाई नकाशे डिजिटल स्वरूपात फुकट देते. जमिनीवरच्या टॉवरमधून हवामानाची माहिती थेट विमानात प्रक्षेपित होते, तीही फुकट. दोन-अडीच हजार फुटांवर पावसाचे ढग स्क्रीनवर हिरवे-पिवळे-लाल दिसतात ते त्यामुळे. आपल्याकडे ही प्रक्षेपण सेवा नाही. तोच टॅब्लेट, तेच ॲप, पण ढगांचा तो थर कोरा. चार्टचंही तसंच. भारतातले अधिकृत चार्ट आणि विमानतळांची माहिती विमानतळ प्राधिकरण एआयपीमध्ये देतं आणि ती वेबसाइटवर कुणालाही बघता येते. पण ती ॲपमध्ये हलत्या नकाशावर हवी असेल तर सहसा जेपसनसारख्यांचा डेटा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. मग ६५ किलोमीटरच्या फेरीसाठी हा खर्च करायचा का, हा प्रश्न रास्तच आहे.

शिवाय ॲपवर मार्ग आखला म्हणजे उडायची परवानगी मिळाली असं नाही. भारतात फ्लाइट प्लॅनबरोबर एफआयसी आणि हवाई दलाकडचा एडीसी क्रमांक लागतो. कुठलंही ॲप हे क्रमांक आपोआप देत नाही.

हवामानाचं बोलायचं तर निघण्यापूर्वी मोबाइल नेटवर सुरत, जळगाव, नाशिकचे अहवाल बघता येतात. पण सुरतेचं आकाश निरभ्र आहे म्हणून तोरणमाळच्या कड्यावर ढग नाही असं थोडंच आहे? पावसाळ्यात सातपुडा स्वतःचं हवामान स्वतः तयार करतो. अस्तंबा १,३०० मीटरच्या वर जातो, म्हणजे चार हजार फुटांहून जास्त, आणि नंदुरबार शहर जेमतेम सातशे फुटांवर. इथे मात्र ॲप खरंच कामाला येतं. जमिनीची उंची दाखवणारा थर जगभर चालतो, आणि डोंगर विमानाच्या पातळीला येऊ लागला की तो भाग आधी पिवळा, मग लाल होतो. तिन्ही ॲपमधली हीच एक सोय अशी आहे की तिच्यासाठी पैसे भरायला हरकत नाही.

१६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या अकादमीचं एक प्रशिक्षण विमान जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डी गावाजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक वैमानिक जागीच गेले, प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. आदिवासी गावकऱ्यांनी तिला झोळी करून खाली आणलं. या अपघाताचा उल्लेख इथे टॅब्लेटमुळे नाही, भूगोलामुळे आहे. या डोंगरात चूक झाली तर रस्ता लांब असतो.

आता खानदेशचा उन्हाळा. ॲपल सांगतं, आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. नंदुरबारला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि छोट्या विमानाच्या काचेखाली ऊन थेट पडतं. आयपॅड आधी मंद होतो, मग तापमानाची सूचना दाखवून चक्क बंद पडतो. नकाशा गेला, मार्ग गेला. त्याच उन्हात विमानही दमतं: नंदुरबारच्या उंचीवर ४२ अंश असताना ढोबळ हिशेबाने विमानाला आपण चार हजार फुटांवर आहोत असं वाटतं. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. म्हणजे ज्या दिवशी टॅब्लेटची गरज जास्त, त्याच दिवशी तो दगा देण्याची शक्यता जास्त. म्हणून काही वैमानिक हवा खेळवणारं कव्हर लावतात, काही सरळ टॅब्लेट सावलीत ठेवतात.

आणखी एक फसगत नेहमीची. स्वस्तातला फक्त वायफायचा आयपॅड घेतला तर त्यात जीपीएसच नसतं. सिमकार्डवालं मॉडेल घ्यावं लागतं, नाहीतर बाहेरचा रिसीव्हर जोडावा लागतो.

आणि जीपीएस असलं तरी? नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, जीपीएसमध्ये ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाभोवती हाच प्रकार झाला आणि डीजीसीएने अशा घटनेची माहिती दहा मिनिटांत कळवा असं फर्मान काढलं. प्रवासी विमानात जीपीएसला पर्याय म्हणून इतर यंत्रणा असतात. टॅब्लेटकडे तसा पर्याय नाही. खोटा सिग्नल आला तर ॲप त्याच आत्मविश्वासाने चुकीच्या जागी विमान दाखवतं.

म्हणून प्रशिक्षक अजूनही कागदी नकाशा, होकायंत्र आणि घड्याळावर उडायला लावतात. मुलांना ते जुनाट वाटतं. जेआरडी टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणलं तेव्हा विमानात रेडिओसुद्धा नव्हता. शिरपूर-नंदुरबार मार्गावर तर खाली सगळं लिहून ठेवल्यासारखं आहे: तापी पकडायची, सारंगखेड्याचा बॅरेज, मग प्रकाशाचा, आणि डावीकडे सुरत-भुसावळ लोहमार्ग दिसला की तो थेट नंदुरबार स्टेशनवर नेतो.

मग घ्यायचं काय? पीपीएल करणाऱ्याने आधी महिनाभराची चाचणी आवृत्ती मिळते का बघावं आणि त्यात भारताचे चार्ट कितपत दिसतात ते तपासावं, मगच वर्षाचे पैसे भरावेत. अँड्रॉइड टॅब्लेट हाताशी असेल तर त्यासाठी नवा आयपॅड घेण्यात अर्थ नाही. पुढे व्यावसायिक परवाना काढून विमान कंपनीत जायचं असेल तर जेपसनचे चार्ट वाचायची सवय उपयोगी पडते, तेव्हा फोरफ्लाइटचा खर्च पटू शकतो. कुठलंही घेतलं तरी निघण्यापूर्वी नकाशे डाउनलोड करून ठेवावेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात जमिनीवरच नेटवर्क सापडत नाही, मग चार हजार फुटांवर ते मिळेल या भरवशावर निघू नये.