माहेरच्या घरातला वाटा आणि उज्जैनचं घरकुल : नियम नेमका काय सांगतो?

उज्जैन : सिंहस्थ २०२८ तोंडावर आलाय. महाकाल परिसर, रस्ते, घाट यांची चर्चा रोज होते. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न वेगळाच आहे: पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात आपलं नाव बसतं का? शिंदेशाहीपासून इथे राहणाऱ्या आणि नंतर नोकरी-धंद्यासाठी आलेल्या मराठी घरांना या प्रश्नाला आणखी एक गाठ बसते. ती गाठ आहे महाराष्ट्रातल्या वडिलोपार्जित घराची.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये या टप्प्याला मंजुरी दिली. पाच वर्षांत १ कोटी शहरी कुटुंबांना मदत आणि त्यासाठी २.३० लाख कोटींचं सरकारी अर्थसहाय्य, असा हा पसारा. चार वाटा आहेत: स्वतःच्या जागेवर बांधकाम, भागीदारी प्रकल्पातलं तयार घर, परवडणारं भाड्याचं घर आणि गृहकर्जावर व्याज अनुदान.

उत्पन्नाची पायरी अशी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल गट, ३ ते ६ लाख अल्प उत्पन्न गट, ६ ते ९ लाख मध्यम उत्पन्न गट. बांधकामाचं आणि भागीदारीतल्या घराचं थेट अनुदान फक्त पहिल्या गटाला. मध्य प्रदेश किंवा महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान १ लाख, म्हणजे अडीच लाख. तेही एकरकमी नाही. बांधकाम पुढे सरकेल, फोटो चढेल, तसा हप्ता.

आता हिशोब करून बघा. समजा, नवऱ्याला दुकानात महिन्याला १४ हजार मिळतात, बायकोला शिवणकामातून साडेअकरा हजार. वर्षाचे झाले ३ लाख ६ हजार. मर्यादेपेक्षा फक्त ६ हजार जास्त, आणि अडीच लाखांचं अनुदान हातचं गेलं. उरतं ते व्याज अनुदान. त्यासाठी आधी बँकेने कर्ज द्यायला हवं. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत; पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांपर्यंत ४ टक्के सवलत. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. कर्ज चालू असेल आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असेल तरच पुढचा हप्ता. म्हणजे घाईने कर्ज फेडणाऱ्याचंच नुकसान.

३ लाखांची ही मर्यादा २०१५ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हाचीच. मुंबई महानगर प्रदेशापुरती २०२३ मध्ये ती ६ लाख झाली. उज्जैनसारख्या शहरात दोघांनी कमावलं की कुटुंब रेषेबाहेर जातं, ही अडचण तशीच आहे.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. ‘देशात कुठेही’ हे शब्द राज्याच्या सीमेवरच्या वाचकाने दोनदा वाचावेत. घर उज्जैनमध्ये नाही, पण जळगावला किंवा अमरावतीला नावावर आहे, तरी अडचण आहेच. कच्चं घर मात्र आड येत नाही.

कुटुंब म्हणजे कोण? नवरा, बायको आणि अविवाहित मुलं-मुली. यात आई-वडील नाहीत, लग्न झालेले भाऊ नाहीत. म्हणून गावचं घर वडिलांच्या नावावर असेल, तर लग्न झालेल्या मुलाचा अर्ज त्यामुळे अडत नाही. पण वडील गेले, वारस नोंद झाली आणि मुलाचं नाव उताऱ्यावर चढलं की चित्र बदलतं. त्या घरात एक रात्रही मुक्काम नसला तरी.

बायकोचंही तसंच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. लग्न होऊन उज्जैनला आलेल्या लेकीचं नाव माहेरच्या पक्क्या घरावर चढलं, तर ती सासरच्या ‘कुटुंबात’ मोजली जाते. गंमत अशी की योजनेचं घर घरातल्या स्त्रीच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करावं लागतं. एकीकडे घर तिच्या नावावर हवं, दुसरीकडे माहेरचा वाटाच तिच्या आड येतो.

मग हक्कसोड पत्र करून मोकळं व्हायचं का? इथेच सांभाळून. अडीच लाखांसाठी सोडलेला वाटा परत मिळत नाही. त्याची किंमत कदाचित कितीतरी जास्त असेल. ‘ताई, योजनेसाठी सही करून टाक’ असं कुणी म्हणालं तरी आधी त्या वाट्याचा बाजारभाव काढावा, वकिलाला विचारावं, आणि अर्ज मंजूर होईलच असं धरून सही करू नये. तसंच वाटा लपवणंही धोक्याचं. अर्जात कुटुंबातल्या सगळ्यांचं आधार मागतात आणि घर नसल्याचं लिहून द्यावं लागतं.

तिसरी अट मागच्या लाभाची. गेल्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कुठल्याही घरकुल योजनेचा फायदा घेतला असेल तर नाव बाद. महाराष्ट्रात असताना रमाई किंवा शबरी योजनेतून घर घेतलेल्यांनाही हे लागू. राज्य बदललं म्हणून खातं कोरं होत नाही.

अर्ज करण्याआधी तीन कागद काढून ठेवावेत: गावच्या घराचा ताजा उतारा, दोघांच्या उत्पन्नाचा पुरावा, आणि स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल तर जमिनीचा कागद किंवा पट्टा. उताऱ्यावर कुणाचं नाव आहे हे फोनवरून भावाला विचारण्यापेक्षा स्वतः बघितलेलं बरं. अर्ज भरून वर्षभर वाट बघायची आणि मग नकार ऐकायचा, यापेक्षा तो एक हेलपाटा स्वस्त पडतो.