‘ब्रेक फेल’ म्हणजे नेमकं काय फेल? पॅड आणि डिस्क निवडताना उष्णतेचं गणित

पुण्याच्या नवले पुलावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन शब्द हमखास असतात: ‘ब्रेक फेल’. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने तिथे डझनावारी गाड्यांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच भागात एक कार दोन अवजड वाहनांमध्ये सापडून पेटली आणि अनेकांचे जीव गेले. दोन्ही वेळा पहिला अंदाज तोच होता. पण २०२२ च्या अपघातात पोलिसांच्या प्राथमिक तपासात वेगळीच गोष्ट पुढे आली. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं.

दुसरी बातमी वरवर पाहता याच्याशी संबंध नसलेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागतो. आधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. म्हणजे करापूर्वी २,००० रुपयांचा पॅडचा सेट २,५६० ऐवजी २,३६० रुपयांना. त्यामुळे ‘आता ब्रेक अपग्रेड करूनच टाकू’ असं म्हणणारे माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरच तीन-चार जण निघाले. मीही त्यातलाच एक होतो.

या दोन बातम्या एकत्र वाचल्या तर प्रश्न असा उरतो: रोज रस्त्यावर चालणाऱ्या साध्या कारसाठी पॅड आणि डिस्क निवडताना आपण नेमकं काय विकत घेतो?

आधी थोडं गणित

ब्रेक गाडीचा वेग ‘खातो’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो गतीची ऊर्जा उष्णतेत बदलतो. १,२०० किलोची कार ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली की साधारण ४.६ लाख ज्यूल उष्णता तयार होते. पुढच्या दोन डिस्क मिळून १० किलोच्या धरल्या आणि ७० टक्के भार त्यांच्यावर आला असं मानलं, तर एका थांब्यात त्यांचं तापमान सुमारे ७० अंशांनी वाढतं. हे अगदीच झेपणारं आहे.

आता तीच गाडी घाटात ५०० मीटर खाली उतरवा. मोकळी होणारी ऊर्जा जवळपास ५९ लाख ज्यूल. म्हणजे १०० च्या वेगावरून लागोपाठ बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी. टायर आणि हवेचा विरोध यातला काही भाग घेतात. गाडी योग्य गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलवर सोडली तर उरलेलं सगळं ब्रेकवर येतं. ४० टनांच्या ट्रकसाठी हाच आकडा तेहतीस पट होतो. शिवाय ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. कारमध्येही इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

लॅपटॉपचं उदाहरण घ्या. एखादं जड काम दोन मिनिटांसाठी कुठलाही प्रोसेसर करतो. तेच अर्धा तास चालू ठेवलं की तो तापतो आणि मंदावतो. शहरातला ब्रेक म्हणजे दोन मिनिटांचं काम, घाट म्हणजे अर्ध्या तासाचं. फरक इतकाच की लॅपटॉप मंदावला तर मीटिंग लांबते.

ताम्हिणीतला वास

मागच्या गणपतीला आई-बाबांना घेऊन ताम्हिणीमार्गे कोकणात उतरत होतो. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक. पुढे एक टेम्पो रांगत होता, म्हणून मी चौथ्या गिअरमध्ये सतत हलका ब्रेक धरून चाललो होतो. मागून आई म्हणाली, “कसला रे हा जळका वास?” पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर ते मऊ लागलं आणि नेहमीपेक्षा कितीतरी खाली गेलं. मी दुसरा गिअर टाकला, दोन-तीनदा पेडल पंप केलं आणि गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्धा तास आम्ही पावसात तिथेच थांबलो. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं.

पुण्यात परतल्यावर एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला: भोकं असलेल्या ‘स्पोर्ट’ डिस्क आणि रेसिंगचे पॅड टाका, प्रश्न मिटेल. जीएसटी कमी झालाच होता. पैसे द्यायच्या आधी मी एकच गोष्ट तपासली. नेमकं काय फेल झालं होतं?

इथे एक खूण लक्षात ठेवा. पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा बहुधा पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेलेलं असतं. पेडल मऊ होऊन खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असू शकतात. माझा प्रकार दुसरा होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. माझ्या गाडीतलं ऑइल किमान चार वर्षं बदललेलं नव्हतं. जगातलं सर्वात महाग पॅड टाकलं असतं, तरी त्या वळणावर तेच झालं असतं.

मग पॅड कोणतं?

पहिली गोष्ट म्हणजे अपेक्षा तपासा. ताशी ५० वर ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएसची थरथर जाणवत असेल, तर तुमचे ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर आधीच लावतायत. त्या एका थांब्यात जास्त ‘चावणारं’ पॅड अंतर कमी करणार नाही. ते काम टायरचं. चांगल्या पॅडचा उपयोग दिसतो तो पाचव्या-सहाव्या लागोपाठच्या ब्रेकला.

बाजारात ढोबळपणे तीन प्रकार मिळतात. ऑरगॅनिक पॅड शांत असतं, डिस्क कमी झिजवतं, पण जास्त उष्णतेत लवकर दमतं. सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सोसतं, पण धूळ आणि आवाज जास्त. सिरॅमिक स्वच्छ, शांत आणि महाग; पण नुसत्या नावावरून ते घाटात भारी ठरेलच असं नाही. रेसिंगचं पॅड रस्त्यासाठी नकोच. ते तापल्यावर पकडतं. डिसेंबरच्या सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर शाळेची मुलं आडवी आली तर तुमचं पॅड थंडच असणार आहे.

अनेक पॅडच्या कडेला दोन अक्षरांचा कोड असतो. पहिलं अक्षर साध्या तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफएफ’ दिसलं तर तापल्यावरही घर्षण त्याच पट्ट्यात राहतं. ‘एफई’ असेल तर ते घसरतं. हा कोड टिकाऊपणाची हमी देत नाही, पण दुकानात विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच. कोड नाही, बॅच नंबर नाही, बिल नाही, अशा स्वस्त पॅडच्या वाटेला जाऊ नका.

आणि डिस्क?

भोकांच्या डिस्क दिसतात झकास. पण भोक पाडलं की उष्णता साठवणारं लोखंड कमी होतं आणि तडे बहुतेकदा त्या भोकांपासूनच सुरू होतात. खाचा असलेली डिस्क पॅड लवकर खाते. रोजच्या कारला कंपनीच्या मापाची, साधी, मधून हवा खेळणारी डिस्क पुरते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजून बघा, त्याखाली गेली असेल किंवा लेथवर घासल्यावर जाणार असेल, तर सरळ बदला, आणि एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही एकदम. ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ असं निदान होतं. बरेचदा ती वाकलेली नसते. तिची जाडी जागोजागी थोडी वेगळी झालेली असते किंवा पॅडचा थर असमान बसलेला असतो.

नवी जोडी बसवली की ती ‘बसू’ द्या. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि मग काही मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून थंड करा.

पुढे काय येतंय

युरोपात २९ नोव्हेंबर २०२६ पासून कारच्या नव्या मॉडेल्सना युरो ७ नियम लागू होतो. त्यात पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आहे: बहुतेक कारसाठी किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिक कारसाठी ३. भारतात बीएस ६ मध्ये अशी मर्यादा नाही. पण चाकणपासून चेन्नईपर्यंतचे आपले पुरवठादार जगासाठी भाग बनवतात, त्यामुळे कमी धुळीचे पॅड आणि कठीण लेप दिलेल्या डिस्क इथेही दिसू लागतील. तेव्हा पॅड एका ठिकाणचं आणि डिस्क दुसरीकडची असा कारभार आणखी महागात पडेल, कारण लेप आणि पॅड एकमेकांसाठी बनवलेले असतात. इलेक्ट्रिक कारवाल्यांची अडचण उलटी आहे. मोटरच गाडी मंदावते, ब्रेक क्वचित वापरला जातो आणि डिस्क गंजते. त्यांनी अधूनमधून मुद्दाम ब्रेक लावावा.

शेवटी मी काय केलं? नवं डॉट ४ ऑइल, कंपनीच्या प्रतीचे ‘एफएफ’ पॅड, आणि जाडी शिल्लक होती म्हणून जुन्याच डिस्क. स्पोर्ट डिस्कचे पैसे टायरमध्ये घातले. जीएसटीतले वाचलेले दोनशे रुपये छान आहेत, पण घाटातला सर्वात स्वस्त अपग्रेड फुकट आहे: ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा.

दिवाळीत पुन्हा ताम्हिणी उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन ओरडत होतं. बाबांनी एकदा गिअरकडे पाहिलं आणि डोळे मिटून झोपून गेले.